वसुंधराचे ठोकळे

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

सकाळी नळाला पाणी आलं. एक दिवसाआड येतं, म्हणून आधी बाल्कनीतला ड्रम रिकामा करून भरला, मग स्वयंपाकघरातलं पिंप. पिंप अर्धं झालं तोवर पाणी गेलं. चहा घेऊन जूचंद्रला सासुरवाडीला गेलो. दुपारी तिथेच जेवलो. संध्याकाळी परत.

सासूबाईंची तब्येत बरी आहे, गुडघे दुखतात. वसुंधराचा भाऊ श्रीपत मला खारीत, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीत, घेऊन गेला. खाडीच्या बांधात एक दार असतं, त्याला हे लोक उघाडी म्हणतात. भरतीला ते बंद होतं, म्हणजे खारं पाणी भातशेतीत येत नाही. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं. दाराच्या दोन्ही अंगांच्या भिंती सिमेंटच्या आहेत, आत लोखंडी सळया. बांधून फार वर्षं झालेली नाहीत. पण सळया गंजून फुगल्यात आणि सिमेंटचे मोठे पोपडे निघतायत. गेल्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी आत शिरलं. श्रीपतचं निम्मं भात जळालं.

श्रीपत म्हणाला, "भावजी, भिंत तर या उन्हाळ्यात बांधायचीच हाय. पन मी गाववाल्यांना थांबवलंय. बोललो, माझ्या ताईनं सिमेंटशिवायचे ठोकळे करून ठेवलेत, त्यांचा रिझल्ट येऊ दे. चांगला आला तर तिच्या मालानं बांधू. कदी येतोय?"

मार्चमध्ये वर्ष होतं, तिची विद्यार्थिनी निधी ते फोडून बघणार आहे, असं मी सांगितलं.

ठोकळा तपासायचा म्हणजे यंत्रात दाबून फोडायचा, हे मला माहीत आहे. वसुंधरा पॉलिटेक्निकमध्ये आयुष्यभर तेच शिकवत होती. पण तिचे हे तीन ठोकळे फुटणार, हे माझ्या तोंडून ऐकेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

विमा कंपनीच्या ऑफिसात मार्चअखेरचं काम सुरू झालंय. घरी येऊन खिचडी केली.

ठोकळे वसुंधराने गेल्या मार्चमध्ये गच्चीवर केले. कळीचा चुना, वीटभट्टीची भुकटी, औष्णिक केंद्रातली राख आणि खडी. पाणी जूचंद्रच्या खाडीचं. ते ती कॅनमधून स्कूटरवर आणायची. माझी दूध तापवायची जुनी कढई घेतली म्हणून मी कुरकुर केली होती. ती म्हणाली होती, "दोन हजार वर्षांचा प्रश्न आहे, एका कढईने काय होतंय?"

रोमन लोकांनी समुद्रात धक्के बांधले, ते अजून उभे आहेत. चहा घेताना ती हे बऱ्याचदा सांगायची. त्यांच्याकडे सिमेंट नव्हतं, सळया नव्हत्या. चुना आणि ज्वालामुखीची राख. त्या बांधकामात चुन्याच्या पांढऱ्या गुठळ्या सापडतात. लोकांना वाटायचं, नीट कालवलं नसेल. अलीकडे संशोधकांनी शोधलं की चुना विरवून थंड न करता गरम गरमच मिसळला की अशा गुठळ्या राहतात. पुढे तडा गेला आणि पाणी आत शिरलं की गुठळी विरघळून तडा बुजवते. मी एकदा विचारलं, मग आपण तसं का नाही बांधत? तिने सांगितलं, "सिमेंट अठ्ठावीस दिवसांनी तपासतात, आपल्याला तेवढ्यात उत्तर हवं असतं. त्यांचं मिश्रण वर्षानुवर्षं घट्ट होत जातं. आणि पंधरा मजल्यांची इमारत त्याने नाही उभी राहायची. ज्याचं त्याचं काम असतं."

मी बहुतेक वेळा फक्त हं म्हणायचो.

मे महिन्यात ती आजारी पडली. ऑगस्टमध्ये गेली. ठोकळ्यांना पाणी कमी पडू देऊ नकोस, हे ती दवाखान्यातून दोनदा बोलली होती.

ती गेल्यावर पाहिलं तर ठोकळे ठेवलेल्या ड्रममधल्या पाण्याला वास येत होता. शेजारच्या लूर्डस आंटी बोलल्या नाहीत, पण त्यांनी खिडकी लावून घेतली होती. ते सगळं पाणी मी ओतून दिलं. तेव्हापासून ड्रममध्ये चांगलं पाणी असतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज नळ आला नाही. सोसायटीने टँकर मागवला. पाणी गढूळ होतं. ड्रममध्ये भरून तुरटी फिरवली, गाळ खाली बसल्यावर वरचं नितळ ठेवलं. अंघोळ अर्ध्या बादलीत उरकली.

ठोकळे हाताने चोळून धुतले. तिन्हींवर तिने खिळ्याने तारीख कोरली आहे.

रविवार, २ मार्च

निधी आली होती. ती आता विरारला माल तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. येताना वडापाव घेऊन आली. तिने दोन खाल्ले, मी एक.

ती म्हणाली, "काका, शनिवारी मशीन रिकामी आहे. तिन्ही नेऊ ना?"

मी म्हणालो, दोन ने.

"तीन लागतात. तिन्हींची सरासरी काढतात. मॅडमनीच शिकवलंय. दोनावर रिझल्ट लिहिला असता तर मॅडमनी वही फेकली असती माझी."

"दोन ने," मी पुन्हा म्हणालो.

मग तिने विषय बदलला आणि कॉलेजमधली एक गोष्ट सांगितली. एका मुलाने क्यूब करताना खडीच विसरली. वसुंधराने तो क्यूब मशीनमध्ये ठेवला आणि त्यालाच हँडल फिरवायला लावलं. पहिल्याच दाबात चुरा झाला, तेव्हा ती म्हणाली, "बघ, किती प्रामाणिक आहे. लगेच कबूल केलं." निधी हसून हसून सांगत होती. मला ही गोष्ट माहीत नव्हती. घरी वसुंधरा कॉलेजचं फारसं सांगत नसे. किंवा सांगत असेल.

शनिवार, ८ मार्च

विरारला जाऊन आलो.

रिक्षात दोन्ही ठोकळे ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतले होते. पँट भिजली. लॅब एका गाळ्यात आहे. निधीने चष्मा आणि हातमोजे घातले. ठोकळा पुसताना ती थांबली. तिच्या बोटांना पांढरं पीठ लागलं होतं. तिने नखाने कड खरवडली, तर कड निघून आली.

"काका, पाणी जूचंद्रचंच आहे ना?"

मी सांगितलं, नाही, पिण्याचं आहे. एकदाही चुकवलं नाही. टँकरचं असेल तेव्हा तुरटी फिरवतो.

पाठमोरी होऊन तिने मशीनची धूळ पुसली. धूळ नव्हती.

मी विचारलं तेव्हा तिने समजावलं. हे मिश्रण खाऱ्या पाण्यासाठी केलेलं होतं. समुद्राचं पाणी आत झिरपतं, त्यातल्या क्षारांशी चुना आणि राख हळूहळू जुळत जातात, आत नवे स्फटिक तयार होतात. रोमन धक्के त्यामुळेच टिकले. गोडं पाणी मात्र चुन्याला बाहेर ओढून घेतं, आणि आपण ते बदलत राहिलो की ओढतच राहतं. तुरटीने आणखी वाईट. "तुम्ही मुद्दाम थोडंच केलं," असं ती म्हणाली.

पहिला ठोकळा फुटला तेव्हा फार आवाज झाला नाही. मला मोठा आवाज होईल असं वाटलं होतं. आकडा हवा त्याच्या निम्म्याहून कमी. दुसऱ्याचाही तसाच. निधीने तुकडे दाखवले. बाहेरचा बोटभर थर भुसभुशीत झालेला, पण आतला भाग काळसर आणि घट्ट. पांढऱ्या गुठळ्या दिसत होत्या.

"मॅडमचं चुकलं असं म्हणता येत नाही. बरोबर होतं असंही म्हणता येत नाही," ती म्हणाली. "आता कळायला मार्ग नाही."

तुकडे पिशवीत घालून घरी आणले. तिसरा ठोकळा ड्रममध्ये होता. तो बाहेर काढून कोरडा करून ठेवला. मग वाटलं कोरडाही ठेवायचा नसेल. निधीला फोन केला. ती म्हणाली, ओल्या फडक्यात ठेवा, उद्या बघू.

सोमवार, १० मार्च

ऑफिसला गेलो. जेवलो नाही.

दर एक दिवसाआड, सात महिने. हेच डोक्यात येत होतं.

रविवार, १६ मार्च

गावाची बैठक होती, देवळाच्या ओट्यावर. श्रीपतला फोनवर सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, तुमी नका येऊ, मी बगून घेतो. तरी गेलो. चारचौघांत बोलायची मला सवय नाही. ऑफिसात निरोप समारंभालाही मी मागे उभा राहतो.

श्रीपतचा चुलत पुतण्या हितेश रेतीचा धंदा करतो. तो सुरुवातीलाच म्हणाला, "काका, दोन महिने थांबवून ठेवलं आमाला. सांगून टाका ना, मास्तरनीनं गावाला चुना लावला."

लोक हसले. श्रीपत उठायला लागला. त्याच्या आधी मीच उठलो. मी म्हणालो, तिचं चुकलेलं नाही. तिने खाऱ्या पाण्यात ठेवायला सांगितलं होतं. मी गोड्या पाण्यात ठेवले. चूक माझी आहे.

एवढंच बोललो आणि बसलो. कुठल्या पाण्यात, हे तिने कधी सांगितलं नव्हतं. हितेश म्हणाला, "जावयबापू, तुमाला नव्हतो बोलत मी."

मग बोलणं कामाकडे वळलं. निधीलाही श्रीपतने बोलावलं होतं. तिने उभं राहून सांगितलं की भिंत सिमेंटचीच बांधा. ज्याचा रिझल्ट नाही त्याच्या भरवशावर कोणाचं शेत ठेवता येणार नाही, मॅडमनीही ठेवलं नसतं. मात्र सळईवर सिमेंटचा थर जाड ठेवा आणि खाडीच्या पाण्यात सिमेंट कालवू नका, गेल्या वेळी तेच झालेलं दिसतंय. एकाने विचारलं, मग रोमन लोकांचं कसं टिकलं? ती म्हणाली, "त्यांच्यात सळईच नव्हती, तर गंजणार काय? आणि काका, त्यांचं जे पडलं ते आपल्याला दिसतच नाही. उरलं तेवढंच दिसतं."

सासूबाई बायकांच्यात बसल्या होत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "भिंतीचं जाऊ दे. दाराच्या म्होरं दगड टाकता ना, पानी आपटून जमीन खनू नये म्हनून? ते दगड माझ्या वसूच्या मालात बसवा. निघाले तर निघाले, भात नाय बुडनार कोनाचा."

"आजी, खर्च?" हितेश म्हणाला.

"तुझ्या रेतीपरीस सस्ता हाय चुना. आनि तू गप रे. तुझ्या बापाला उघाडीत पडला तेवा मीच काढला व्हता, नायतर तू झालाच नसतास."

यावर सगळे हसले, हितेशही. ठरलं.

निघताना सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "रोज पानी भरत व्हतात?"

एक दिवसाआड, मी म्हणालो.

"तुमाला पुरत व्हतं काय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"म्हंजे तुमी तिला पानी देत व्हतात," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, तिला नाही, ठोकळ्यांना. त्या बराच वेळ माझा हात धरून उभ्या होत्या. त्यांना गुडघ्यामुळे आधार लागतो.

रविवार, ३० मार्च

पाडवा. वसुंधराला जाऊन वर्ष झालेलं नाही म्हणून गुढी नाही. लूर्डस आंटींनी दुपारी फुगे, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, आणून दिले. सणाचे म्हणून नाही, सहज केले होते, असं म्हणाल्या.

रविवार, २० एप्रिल

हात भाजलाय म्हणून पेन कसंबसं धरून लिहितोय. फार नाही, दोन बोटं.

सिमेंटची भिंत गेल्या आठवड्यात पुरी झाली. आज दारापुढचे दगड बसवले. भरती कमी चढते ते दिवस बघून श्रीपतने तारीख धरली होती. पण होळी नावाच्या गावचा गवंडी ॲन्सेल्म ईस्टर असल्याने येणार नव्हता, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. तारीख पुढे ढकलली तर उधाण येणार. मग आम्हीच केलं. श्रीपत, निधी, गावातले चौघेजण आणि मी. वाळूच्या गोण्या लावून पाणी अडवलं होतं.

निधीने प्रत्येकाला चष्मा दिला. चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो. सासूबाईंनी घेतला नाही. "मी काय नटी हाय गॉगल घालाला?" निधीने त्यांना वीस पावलं मागे बसवलं. तिथून त्या सूचना देत होत्या.

घमेल्यात कळीचा चुना आणि राख घेऊन निधीने खाडीचं पाणी सोडलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग चुना तडतडायला लागला, फुगला, फुटला, आणि वाफ आली. घमेलं बाहेरून हात लावता येणार नाही इतकं तापलं. मी लावला. सासूबाई लांबून म्हणाल्या, "आधन आलं बग भाताला."

गच्चीवर वसुंधराने हे एकटीने केलं होतं. मी खाली मॅच बघत होतो. तिने हाक मारली होती का, आठवत नाही.

माल गरम असतानाच खडी घालून दगडांच्या फटींत भरत गेलो. मला आधी जमत नव्हतं, श्रीपत म्हणाला, "भावजी, पॉलिसी नाय भरायची, माल भरायचाय. दाबा जोरात." त्यानंतर जमलं. चुन्याच्या बारीक गुठळ्या तशाच राहत होत्या. मी त्या फोडायला गेलो तर निधी ओरडली, "काका, नाही! त्याच तर पाहिजेत."

तिसरा ठोकळा मी पिशवीतून नेला होता. निधीच्या मनात तो विरारला न्यायचा होता, खाऱ्या पाण्यात ठेवून वर्षाने बघायचा होता. तिने पिशवी बघितली आणि मागितला नाही. मी श्रीपतला दिला. त्याने तारीख वाचली, ठोकळा पालथा केला आणि दारापुढे दोन दगडांच्या मध्ये, तारखेची बाजू खाली करून बसवला. "वर ठेवली तर पोरं दगडानं ठोकत बसतील," तो म्हणाला.

मी भोवती माल भरला. बोटं तेव्हा भाजली.

संध्याकाळी गोण्या काढल्या. पाणी आत आलं आणि दगडांवर चढलं. सासूबाई तोपर्यंत घरी गेल्या होत्या.

मंगळवार, २७ मे

पाऊस या वर्षी मे महिन्यातच सुरू झाला. आज उधाण होतं. दुपारी श्रीपतचा फोन. भिंत ठीक आहे, दार नीट बंद झालं, खारं पाणी आत आलेलं नाही. राब भरायला, म्हणजे रोपांसाठी भात पेरायला, हरकत नाही म्हणाला.

दगडांचं विचारलं. "पान्याखाली हायत भावजी. पानी उतरल्याशिवाय काय सांगू?"

ड्रम रिकामा करून भंगारवाल्याला देणार होतो. लूर्डस आंटींना कपडे भिजवायला हवा होता, त्यांना दिला. पिंप आता पूर्ण भरतं.

रविवार, २९ जून

सकाळी ओहोटी होती. पाऊस थांबलेला. जूचंद्रला गेलो, घरी न जाता आधी खारीत. बांधावर कोणी नव्हतं. आतल्या बाजूला श्रीपतच्या राबात भाताची रोपं वीतभर झाली आहेत.

दारापुढचे बहुतेक दगड जागच्या जागी होते. दोन कडेचे निघाले आहेत, त्यांच्याखालचा माल पाण्याने धुऊन गेलाय. बाकीचे बसलेत. सगळ्यांवर शेवाळ आणि गाळ, त्यामुळे ठोकळा कुठला हे पटकन कळेना. मग आकारावरून सापडला. त्याच्या डाव्या बाजूच्या मालात केसासारखी एक चीर आहे. बसवताना नव्हती. चिरेत काहीतरी पांढुरकं भरलंय. नखाने कोरून पाहिलं, निघालं नाही. चुना आहे की खाडीचा गाळ वाळून बसलाय, मला सांगता येत नाही. निधीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, आत्ता काहीच म्हणू नका काका, फोटो काढून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा काढू.

फोटो काढला. थोडा हलला, म्हणून दुसरा काढला.

पाणी चढायला लागलं होतं. पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरले होते. तिथेच बांधाच्या कडेला बसून खाडीच्या पाण्याने ते धुतले, रुमालाने पुसले आणि चप्पल घातली.